चपलेचा खिळा

नोकरीच्या पहिल्याच दिवशी काका मला म्हणाले, "बाय, ज्याची आठवन चांगली, त्याच्यापासून मी दोन हात लांब उभा राहतो."

त्याला कारण झालं होतं. मी नुकतीच एम.एस्सी. होऊन बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगरसायनांच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागले होते, आणि साहेबांनी मोठ्या कौतुकानं माझी ओळख करून दिली होती. "काका, हिची स्मरणशक्ती म्हणजे कमाल आहे. अख्ख्या बॅचची कृती एकदा वाचून पाठ!" लहानपणापासून मी याच एका गुणावर मिरवत आले होते. पालघरच्या आमच्या आळीत कुणाचा फोन नंबर हवा असला तर लोक डायरी उघडायच्या आधी मला हाक मारायचे. आणि इथे हा माणूस मला गोवर उठल्यासारखा एक पाऊल मागे सरकला होता. मी मनात म्हटलं, आपलं यांच्याशी काही जमायचं नाही.

आज सांगते, ज्यांच्यापुढे मी मनापासून हात जोडले अशी माणसं मोजायला एका हाताची बोटं पुरतात, आणि त्यातलं पहिलं बोट काकांचं आहे.

काका आमच्या पाळीचे सुपरवायझर. शिरगावचे. घरची चिकूची वाडी, शिक्षण दहावी, तीही दोन दमांत. रोज सकाळी पालघरवरून स्कूटर हाणत कारखान्यात यायचे, आणि आल्या आल्या एक विचित्र विधी करायचे. स्कूटरची किल्ली खिशात ठेवायच्याऐवजी थंड पाण्याच्या मुख्य व्हॉल्व्हच्या चाकाला सुतळीनं बांधायचे. पाळी संपली की तो व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, आणि पूर्वी एकदा तो उघडाच राहिला होता. "आता किल्ली सोडवाला गेलो का व्हॉल्व दिसतो. घरी जायाचा कोन विसरतो?" असं ते म्हणत.

त्यांच्या शर्टाला दोन खिसे असायचे आणि डाव्या खिशात चिंचोके. केटलमध्ये चाळीस पोती सोडा टाकायचा असला की एकेक पोतं पडेल तसा एकेक चिंचोका डावीकडून उजवीकडे जायचा. केटल म्हणजे आमच्याकडची रसायनं शिजवायची प्रचंड लोखंडी टाकी. मी एकदा खवचटपणे म्हटलं, "काका, चाळीसपर्यंत मोजता येतं हो मला."

"मोजता मलाबी येते. पन सतरावा पोता पडताना साहेब हाक मारतो. परत आलीस का, सतरा जाले का अठरा?"

आदल्याच आठवड्यात साहेबांनी मला हाक मारली होती, आणि परत आल्यावर मी अठरा धरले होते. सतरा की अठरा, ते मला अजूनही माहीत नाही.

बॅच तापत असली की काकांचं घड्याळ उजव्या मनगटावर असायचं. एरवी डाव्या. "उजव्याला खुपते," ते म्हणायचे, "खुपायलाच पायजे. काम जाला का डावीकडं." एखादा व्हॉल्व्ह मुद्दाम अर्धा उघडा ठेवला असेल तर स्वतःचं स्टूल उलटं करून ठेवायचे, म्हणजे व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय बसायला जागा नाही. नव्या पोरांना वाटायचं, काकांना कसलं तरी व्रत आहे. एकदा एका पाहुण्यानं सौजन्यानं ते स्टूल सुलटं करून काकांना "बसा" म्हटलं, तर काका त्याच्यावर असे खेकसले की बिचारा स्वतःच बराच वेळ उभा राहिला.

मी त्यांना मोबाइलमध्ये आठवणीची घंटी लावून द्यायला गेले होते. काकांनी ती ऐकून घेतली, दोनदा वाजवून बघितली आणि फोन परत केला. "ही वाजते, आपन तिला गप करतो, आन् काम तसाच राहतो. स्टुलाला गप करून दाखव."

सुरुवातीला मला ही सगळी सोंगं वाटायची. मग पाइपांचा दिवस आला. कुठल्या तरी लाइनीत चूक होती आणि पाणी भलतीकडे जात होतं. मी नकाशा घेऊन दोन तास बसले होते. डोळ्यांपुढे रेषा नाचायला लागल्या होत्या. काका आले, नकाशावर एक नजर टाकली आणि आधी कागद फिरवला, नकाशातली खिडकी खऱ्या खिडकीच्या बाजूला येईल असा. "कागद उलटा धरलास का डोका उलटा करावा लागतो. कागद हलका हाय, तो फिरव." मग मला उठवून प्लांटमध्ये नेलं, माझा हात पाइपावर ठेवला आणि म्हणाले, "आता चाल. हात उचलायचा नाय." मी चालले. शिडी चढले, वाकले, एका खांबाला वळसा घातला, आणि अकराव्या मिनिटाला माझा हात अशा एका जोडावर जाऊन थांबला जो नकाशात नव्हताच. काका मागे उभे राहून चिंचोके खुळखुळवत होते. "डोका हाय ते विचार कराला. ओझा वाहाला नाय," एवढं म्हणून ते गेले. त्या दिवसापासून मी त्यांना हसणं सोडलं, पण माझ्या आठवणीवरचा विश्वास काही सोडला नाही.

एकदा त्यांच्या घरी शिरगावला गेले होते. वाडीत प्रत्येक चिकूच्या बुंध्याशी एक करवंटी. पाणी घातलं की ती पालथी करायची, मग कुठल्या झाडाला झालं आणि कुठलं तहानलेलं आहे ते ओटीवरूनच दिसतं. काकींनी चहा दिला आणि नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या, "याचा काय सांगू तुला! लग्नात रुमालाला गाठ मारून आला व्हता. मी विचारला ही कसली, तर बोलतो, नवरी घरी न्यायाची हाय, राहून नाय जायाला पायजे." काका ओशाळले. काकी आत जाता जाता म्हणाल्या, "ती गाठ अजून तशीच हाय पेटीत. सोडू देत नाय."

आता चपलेचं सांगते.

आमची केटल दोन मजले उंच. तिचं तोंड वरच्या मजल्यावर, आणि तिच्या आतला घुसळणारा लोखंडी पंखा चालू करायची बटणं खालच्या मजल्यावर, भिंतीवरच्या पेटीवर. खालच्याला वरचा दिसत नाही, वरच्याला खालचा. दोन बॅचेसच्या मध्ये कुणाला तरी आत उतरून टाकीच्या भिंती खरवडाव्या लागतात. तो आत असताना खाली कुणी हिरवं बटण दाबलं तर काय होईल, ते लिहायची माझी हिंमत नाही.

आत उतरणारा माणूस गमबूट चढवतो, त्यामुळे त्याच्या चपला बाहेर राहतात. काकांनी नियम घातला होता की एक चप्पल वर तोंडाशी ठेवायची आणि दुसरी खाली, पेटीच्या वर ठोकलेल्या खिळ्याला टांगायची. चप्पल टांगलेली आहे म्हणजे माणूस आत आहे. ती काढायची ज्याची त्यानंच. आमच्या ऑफिसनं छापील लाल पाटी दिली होती, 'आत काम चालू आहे' अशी. काकांनी ती नाकारली नाही, पण तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

"पाटी कोन काढतो? आपन. आठवला तर. चप्पल काढतो तो, ज्याचा जीव आत हाय. आन् चप्पल विसरून कोन घरी गेलाय काय आजपर्यंत?"

नियमाला एक पोटनियमही होता. काही कारणानं दुसऱ्या कुणाला चप्पल हलवावी लागलीच, तर त्यानं ती हातात धरून ठेवायची. माणूस बाहेर येईपर्यंत खाली ठेवायची नाही. या पोटनियमाची मी कँटीनमध्ये नक्कल करून दाखवायचे.

एके दिवशी दिल्लीकडचे खरेदीदार कारखाना बघायला येणार होते. मोठी ऑर्डर होती. साहेबांनी सकाळीच मला बजावलं, "ती चपलांची तोरणं आज दिसता कामा नयेत. आणि सगळं तूच समजावून सांग, तुला आकडे पाठ आहेत." नेमकी त्या दिवशी तीन नंबरची केटल सफाईला काढली होती. आत बारकू उतरला होता. बारकू मासवणकडचा, भाताची कापणी आटपली की चार महिने आमच्याकडे कामाला यायचा. आत गाणी म्हणायचा, कारण तिथे आवाज मोठा येतो म्हणे. वर तोंडाशी काका स्वतः बसले होते. सफाई चालू असताना ते तिथून हलत नसत. आणि खाली तीन नंबरच्या पेटीवर बारकूची निळी रबरी चप्पल लटकत होती, तुटलेला पट्टा तांब्याच्या तारेनं शिवलेली.

पाहुण्यांचा आवाज बोळात आला तशी मी पटकन ती चप्पल काढली. बारकू आत आहे हे मला माहीत होतं. पक्कं लक्षात होतं. चप्पल ठेवायला जवळ जागा नव्हती, म्हणून मी ती उजव्या हातात धरून हात पाठीमागे नेला. डाव्या हातात फाइल होती.

मग प्रश्न सुरू झाले. तापमान किती, दाब किती, उतारा किती पडतो. मी फाइल न उघडता फटाफट उत्तरं देत गेले. पाहुणे एकमेकांकडे बघून माना डोलवत होते, साहेब खूश होते, आणि मी म्हणजे पंधरा मिनिटं हवेत होते. शेवटी त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ हसून म्हणाले, "बहुत बढ़िया, मॅडम. एक बार चलाके दिखाइए ना." बटणं सांभाळणारा ऑपरेटर चहा सांगायला गेला होता. सगळ्यात जवळची पेटी तीन नंबरची होती.

मी "जी, जरूर" म्हटलं.

खरं सांगते, त्या क्षणी बारकू माझ्या डोक्यात नव्हता. पुसट झाला होता असंही नाही, तो गेलाच होता. तिथे आकडे होते, कौतुक होतं आणि एक हिरवं बटण होतं. मी उजवा हात पुढे केला, आणि हातात काहीतरी होतं. डावा हातही मोकळा नव्हता. बटण दाबायचं तर ती वस्तू कुठेतरी ठेवायला हवी होती, म्हणून मी इकडेतिकडे जागा शोधायला लागले. पेटीच्या कडेवर बसेल का, तेसुद्धा बघितलं. बसत नव्हती, म्हणून मी खाली हातातल्या वस्तूकडे पाहिलं. निळा पट्टा. तांब्याची तार.

मग मला वरून गाणं ऐकू आलं. ते सगळा वेळ चालूच असणार.

"आत माणूस आहे," मी म्हणाले. कोणत्या भाषेत म्हणाले ते आठवत नाही. साहेबांनी प्रसंग सावरून पाहुण्यांना चहाला नेलं. मी तिथेच उभी राहिले, चप्पल दोन्ही हातांनी छातीशी धरून. चाळीस मिनिटांनी बारकू खाली आला, एका पायात चप्पल घालून, दुसरी शोधत. मला तशी उभी बघून तो फसकन हसला. "मॅडम, चपलीनं मारता काय मला?" मला रडू फुटलं. तो बिचारा घाबरला, चप्पल घेतली, पायात सरकवली आणि पळाला.

तो गेल्यावर मी पेटी उघडून बघितली. आत फ्यूज होते. सफाईआधी ते काढायचे असतात, आणि सकाळच्या कागदावर 'काढले' असं लिहिलं होतं. सही माझी. काढताना मी बघितले होते, अगदी डोळ्यांपुढे होतं माझ्या. तपासलं तेव्हा कळलं, मी बघितले होते ते दोन नंबरचे, आधीच्या आठवड्यात.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. कुणाला काही कळलेलं नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं. तरी मी काकांकडे गेले आणि सगळं सांगितलं, फ्यूजसकट. ते उलट्या स्टुलाशेजारी उभे होते. बोलताना मध्ये एकदाही त्यांनी मला तोडलं नाही.

मग विचारलं, "चप्पल कुटल्या हातात व्हती?"

"उजव्या."

"आन् डाव्यात?"

"फाइल."

"मंग बरा जाला," असं काका म्हणाले आणि हातोडी घेऊन खाली गेले. मी मागोमाग. त्यांनी तीन नंबरच्या पेटीला अगदी लागून भिंतीत एक नवा खिळा ठोकायला घेतला, अशा जागी की त्याला टांगलेली चप्पल बरोबर हिरव्या बटणावर येईल. दाबायचं तर आधी चप्पल बाजूला करायला लागेल. चाळीस वर्षं हातोडी धरलेल्या त्या हातानं त्या दिवशी दोनदा स्वतःच्याच अंगठ्यावर घाव घातला. तेव्हा मला कळलं की हा माणूस आतून किती हादरला आहे.

"चूक माझी आहे, काका," मी म्हटलं.

"तू विसरलीस. मानूस विसरतोच." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "खिळा चुकीच्या जागी व्हता. एवढी वर्सा व्हता, मला दिसला नाय. मानसाला सुधराला जनम जातो, बाय. खिळ्याला दोन मिंटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फ्यूजचाही बंदोबस्त केला. काढलेला फ्यूज वरच्या चपलेत ठेवायचा. आत उतरणाऱ्यानं चपलेत फ्यूज बघितल्याशिवाय शिडीवर पाय टाकायचा नाही, आणि बाहेर आल्यावर चप्पल घालायला जाईल तेव्हा फ्यूज पायाला लागणारच. एवढी साधी गोष्ट! मी सात वर्षं विज्ञान शिकले होते आणि मला ती शंभर वर्षांत सुचली नसती. मी त्या दहावी पास माणसाकडे बघत राहिले. देवळात उभी असल्यासारखं वाटलं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

साहेबांना मी स्वतः लिहून दिलं. ते भडकले. काका माझ्याबरोबर आत आले होते. म्हणाले, "हिला काढायची तर मलाबी काढा. जुना खिळा मी ठोकलेला." साहेबांनी माझा कागद खणात टाकला आणि आम्हा दोघांनाही कामावर परत पाठवलं.

"आता बारकूला सांग," बाहेर आल्यावर काका म्हणाले. "जीव त्याचा व्हता." हे सगळ्यात कठीण होतं. बारकूनं ऐकून घेतलं, खाली बसला, पायातली चप्पल काढून उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाला, "मंजे हिनं वाचवला." माझ्यावर तो रागावला नाही. पुढे पट्टा आणखी दोनदा तुटला, तरी त्यानं ती चप्पल टाकली नाही.

काका गेल्या वर्षी निवृत्त झाले. कँटीनमध्ये सतरंज्या घातल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. साहेबांनी भाषण केलं, नारळ आणि शाल दिली. काकांना बोलायला सांगितलं तर उभे राहिले, डाव्या खिशातले चिंचोके काढून माझ्या ओंजळीत ओतले आणि खाली बसले. मी ते अजून वापरते. बाहेर आलो तर काकांची एक सँडल गायब. उजव्या टाचेला झिजलेली काळी सँडल, तिला चोरणार कोण?

शोधत शोधत आम्ही प्लांटमध्ये गेलो. तीन नंबरच्या पेटीपाशी बारकू उभा होता. आणि वर, जुन्या खिळ्याला, जो आता कुणी वापरत नव्हतं, काकांची सँडल टांगलेली होती.

काकांचा चेहरा कडक झाला. "बारकू, खोटी निशानी लावायची नाय. कितीदा सांगितला?"

बारकू मान खाली घालून म्हणाला, "जुना खिला हाय, काका. बटनाच्या आड येत नाय. कोनाचा काय बिगडत नाय." आणि मग हळूच, "आन् खोटी नाय ती."

काकांनी हात वर नेला. चप्पल ज्याची त्यानंच काढायची, हा नियम त्यांचाच. आम्ही कुणी पुढे झालो नाही. त्यांचा हात पट्ट्याला लागला, तिथेच थोडा वेळ राहिला, आणि रिकामा खाली आला.

मग ते व्हॉल्व्हपाशी गेले, तो बंद केला, सुतळी सोडून किल्ली घेतली. एका पायात सँडल आणि दुसरा पाय उघडा, असे स्कूटर ढकलत गेटपर्यंत चालत आले. मी स्कूटरमागे शाल आणि नारळ घेऊन. वॉचमननं सवयीनं वही पुढे ओढली, पेन उघडलं आणि विचारलं, "काका, बाहेर पडायची वेळ काय लिहू?"

काकांनी आपल्या उघड्या पायाकडे बघितलं.

"नको लिवू," ते म्हणाले. "मी आत हाय अजून."